कम्प्युटर सुरू, बॅकअप मात्र बंद! विंडोजची ही अडचण कशी सोडवाल?

सकाळी कम्प्युटर नेहमीप्रमाणे सुरू होतो, पण बॅकअपचे अ‍ॅप आपोआप सुरू होत नाही. हे अनेकांच्या लक्षात येते ते थेट हार्ड डिस्क बिघडल्यावर. म्हणूनच ही तक्रार किरकोळ समजू नये.

विंडोज ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये ते अ‍ॅप ‘डिसेबल्ड’ दिसल्यास ‘एनेबल’ करा. तरीही अडचण कायम? मग अ‍ॅपला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते का, ते पाहा. अशी अ‍ॅप्स स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली तरी विंडोज ती आपोआप उघडत नाही. अ‍ॅप खात्रीचे असेल, तरच टास्क शेड्युलरमध्ये नवा टास्क तयार करून ‘अ‍ॅट लॉग ऑन’ आणि ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ हे पर्याय निवडा. लॅपटॉपवर ‘कंडिशन्स’मध्येही डोकवा. चार्जर जोडलेला असतानाच टास्क सुरू करण्याची खूण तिथे आधीपासून असते, ती काढा.

सुरक्षेसाठी अ‍ॅप अडवणे योग्यच. पण अडवल्याचे वापरकर्त्याला न कळणे चुकीचे आहे. एका ओळीची स्पष्ट सूचना पुरेशी ठरेल. तोपर्यंत शेवटच्या बॅकअपची तारीख दर आठवड्याला तपासलेली बरी.