एकोणीस-वीस चालायचंच!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळातला सर्वांत नाठाळ पदार्थ कुठला, असं विचारलं तर बहुतेक जणी अनारशाचंच नाव घेतील. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत वाळवा, कुटा, गुळात मळून पीठ मुरवा. एवढं करूनही तुपात सोडल्यावर तो कधी छान जाळीदार होतो, तर कधी विरघळून पसरतो. त्याला आपण 'अनारसा हसला' म्हणतो. गंमत बघा, अनारसा हसतो आणि करणारी बाई मात्र रडते! लाडू, शेव, चिवडा उत्तम झालेला असतो, पण रात्री डोळ्यांसमोर येतो तो फसलेला एकच घाणा. 'माझं मेलं काहीच धड होत नाही!'

बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. दार उघडताच बाईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'घर अगदी पसरलंय हो, बघू नका!' प्रत्यक्षात घर लख्ख असतं. हा नुसता विनय नाही, ही धास्ती आहे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ओट्यावर चार खरकटी भांडी दिसली, तर ती बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, ही ती धास्ती.

या धास्तीची किंमत किती असते? आमच्या गटातल्या एकीच्या हातात शिवणकामाची उत्तम कला आहे. तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, जाण्या-येण्याची सोय होती. ती आली नाही. का, तर 'यांना माझ्याच हातची पोळी लागते, सासूबाईंच्या गोळ्या मलाच ठाऊक.' 'तुझ्यावाचून घरातलं पान हलत नाही' हे कौतुक ऐकायला गोड वाटतं खरं, पण तीच पायातली बेडी होते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास, दुसरीकडे दीड तास. मुलाबाळांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही!

हा भार आपल्यावर कुणी टाकला, हे उघड आहे. पोळी गोल येते का, ही परीक्षा मुलीचीच घेतात, मुलाची कुणी घेत नाही. पण कुणी मदतीला आलंच, तर आपण काय करतो? लेकाने घातलेली चादर पुन्हा झटकून घालतो. नवऱ्याने चिरलेली भाजी जाड झाली म्हणून नाक मुरडतो. मग दुसऱ्या वेळी ते कशाला पुढे येतील? 'सगळं माझ्यासारखंच झालं पाहिजे' असं म्हटलं, की सगळं आपल्यालाच करावं लागतं.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५३ साली 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाची प्रत्येक गरज आई लगेच भागवते. पुढे ती हळूहळू थोडी थोडी कमी पडते, आणि त्या कमीपणामुळेच मूल स्वतःचं स्वतः करायला शिकतं. म्हणजे आईने परिपूर्ण नसणं हे मुलाच्या भल्याचंच! मला वाटतं, हे साऱ्या घरालाच लागू आहे.

याचा अर्थ कामचुकारपणा करा, असा मुळीच नाही. पिण्याचं पाणी, औषधाची मात्रा, गटाच्या हिशेबाची वही, इथे एकोणीस-वीस चालणार नाही. पण डब्यांची रांग, पडद्याच्या चुण्या, हळदी-कुंकवाला शेजारणीपेक्षा वरचढ वाण? इथे सोडून द्यायला शिकू या. अति तेथे माती, हे आपल्या आजीनेच सांगून ठेवलंय.

सुरुवात लहानच करा. या आठवड्यात एक काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि ते झाल्यावर त्यावरून पुन्हा हात फिरवू नका. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, म्हणजे त्या घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतील. लेकाची पोळी नकाशासारखी होईल, होऊ दे! पोटात गेल्यावर तिचा आकार कोण विचारतो? त्या वेळात तुम्ही प्रशिक्षणाला जा, राहून गेलेली रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर नुसत्या गॅलरीत बसून गरम चहा गरम असतानाच प्या. तेवढा हक्क आपला आहेच की!