लम्पी की दुसरंच काही? उत्तर अडतं नमुन्यापाशी

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. अंगावर गाठी आल्या की लम्पीच, असं गावात लगेच ठरतं. पण खात्री होते ती प्रयोगशाळेतच. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागात नमुने तपासतात, गरज पडली तर ते भोपाळला जातात.

खरी अडचण त्याआधीची आहे. मेलेल्या जनावराच्या अवयवाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर तो १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात ठेवावा लागतो. मग मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप काढतात. विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला मात्र गाठीची खपली किंवा ताजा तुकडा बर्फात ठेवलेला लागतो. उन्हात कुजलेला तुकडा दोन्हीकडे वाया जातो.

म्हणून जनावर दगावलं की पुरायची घाई नको, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नाका-तोंडातून रक्त आलं असेल तर हात लावू नका, फाडूही नका. ती काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. रोगाचं नाव उशिरा कळलं, तर तोवर तो शेजारच्या गोठ्यात पोचलेला असतो.