पुस्तक हाती कोण देतो?

वाचनाची आवड ज्याची त्याची, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो खोटा वाटतो. बापाने फडक्यात बांधून ठेवलेली पोथीच मुलगा उघडतो. सोबत्याने हाती दिलेला कागदच वाचतो. आणि ज्या घरी कोणीच वाचीत नाही, तेथे दुसऱ्याने वाचून दाखविले तेच खरे मानावे लागते.

जोतीराव फुल्यांचेच पाहा. शिकून मुलगा शेतीस निकामी होईल, असे एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले व पोराची शाळा सुटली. पुढे शेजारचे गफ्फार बेग मुनशी व लिजीट साहेब यांनी बापाची समजूत घातली, तेव्हा 1841 साली तो मिशनच्या शाळेत गेला. एका सोबतीने पुस्तक मिटविले, दुसऱ्या सोबतीने उघडले! 1847 च्या सुमारास मानवी हक्कांवरील थॉमस पेनचा ग्रंथ जोतीरावांच्या वाचनात आला. सावित्रीबाईंना तर त्यांनी घरीच अक्षरे शिकविली, आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. घरातले वाचन घरातच राहिले नाही.

आता आमच्या वसई-विरारकडे वळू. आगाशी-निर्मळचा वाडीवाला पहाटे भाजी-फुले घेऊन गाडी गाठतो; अर्नाळ्याचा कोळी जाळे विणतो. वाचावयास सवड कोठली, असे तो म्हणतो. परंतु सोयऱ्याने मोबाईलवर धाडलेला मजकूर तोच बिनशंका वाचतो व पुढे धाडतो. आणि दलालाने कुलमुखत्यारपत्र पुढे केले, की "तुम्हीच वाचा, आम्ही सही करतो" म्हणतो! फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास अवघे 15 दिवस असतात. नोटीस न वाचता फळीवर पडून राहिली, तर वाडी हातची जाण्यास वेळ लागत नाही.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, ज्याचा तुमच्या जमिनीवर डोळा आहे, त्याला आपला वाचक नेमू नका. तुमची लेक शाळेत शिकते ना? आज रात्री जेवणे आटोपल्यावर तिला घरचा सातबारा मोठ्याने वाचावयास सांगा. आजी, सून, सर्वांनी ऐकावे. न कळेल तो शब्द विचारावा. उद्या वर्तमानपत्र, परवा जोतीरावांचे पुस्तक. शेजाऱ्यासही बोलवा. मुलीला मधेच "पुरे, भांडी घास" म्हणून उठवू नका. भांडी त्या दिवशी भावाने घासावी.