फाइव्ह पॉइंट वन आणि मंडपातली शेवटची रांग

या वीकेंडचा विषय जरा आवाजी आहे.

माझ्या आयटीतल्या मित्रांना होम थिएटरचं भारी वेड. नवीन फ्लॅट घेतला की हप्ता सुरू व्हायच्या आत सोफ्यामागे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात सबवूफर! मग आपल्याला बोलावून हेलिकॉप्टर डोक्यावरून जाताना ऐकवतात. मजा येते, नाही असं नाही. पण माझं मत वेगळं आहे. सराउंड साउंडमागचं डोकं जिथं खरं कामी येईल ती जागा दिवाणखाना नाही, आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकाचा मंडप आहे.

मी केशोरीचा. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, मिरचीचं गाव. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई भरते आणि नाटकांचा सीझन सुरू होतो, तो होळीपर्यंत. कंपन्या वडशाच्या, मंडप शेतात, नाटक रात्रभर. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी विचारलं, "हे काय असतं?" असो.

आता अडचण बघा. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत स्टेजवर माईक लटकलेले आणि दोन बाजूंना स्पीकरच्या उंच थप्प्या. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं घटतो. म्हणजे स्पीकरपासून 4 मीटरवर आणि 32 मीटरवर बसलेल्या माणसांत 18 डेसिबलचा फरक! मागून कोणी ओरडतं, "आयकू नाई येत जी!" की साउंडवाला आवाज वाढवतो. पुढच्या पोरांचे कान फुटायची वेळ येते, आणि मागच्या आजीला तरीही गोंगाटच ऐकू येतो, शब्द नाही.

मग मागे आणखी दोन स्पीकर लावा की? लावतात ना! पण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो आणि वायरमधला सिग्नल जवळजवळ लगेच पोचतो. स्टेजपासून 25 मीटरवर स्पीकर ठेवला, तर तो स्टेजच्या आवाजाच्या 73 मिलिसेकंद आधीच बोलून मोकळा होतो. एकच वाक्य दोनदा ऐकू येतं, आणि नायिका रडतेय समोर पण आवाज येतो कानाजवळच्या बांबूवरून.

इथं सराउंडवाल्यांचं डोकं कामी येतं. 1970 च्या दशकात डॉल्बी स्टिरिओ आलं तेव्हा थिएटरमधला सराउंडचा आवाज मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडत. कारण? आपला कान आधी पोचलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो. मागून येणारा आवाज किंचित उशिरा आला, तर तो थोडा मोठा असला तरी आपल्याला पडद्यावरचं माणूसच बोलतंय असं वाटतं. हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये हे प्रयोगानं दाखवलं, म्हणून त्याला हास इफेक्ट म्हणतात.

म्हणजे आपल्या मंडपात मागच्या स्पीकरला 73 अधिक 15, असा 88 मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. झालं! पुढचा आवाज कमी ठेवता येतो आणि आजीला शब्द कळतो, तोही स्टेजवरून आल्यासारखा. आजकालच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय आधीपासूनच असते, फक्त कोणी ते पान उघडत नाही.

दुसरा धडा मधल्या स्पीकरचा. फाइव्ह पॉइंट वनमधल्या पाचांपैकी एक बरोबर मध्ये असतो आणि सिनेमातले संवाद मुख्यतः त्याच्यातूनच येतात, म्हणजे कडेला बसलेल्यालाही ते पडद्यावरूनच ऐकू येतात. (तो 'पॉइंट वन' म्हणजे फक्त धडधड, साधारण 120 हर्ट्झच्या खालची.) आमच्याकडे धडधडीला चार पेट्या, आणि संवादासाठी मध्ये एकही नाही! स्टेजच्या वर मध्यभागी एक स्पीकर टांगायला काय हरकत आहे? तोंड प्रेक्षकांकडे आणि माईकच्या पुढे ठेवला, म्हणजे शिट्टीही मारणार नाही.

काही जण म्हणतील, आमच्या पब्लिकला दणका लागतो, बारकावे कोणाला कळतात? हे मला अजिबात पटत नाही. भर थंडीत, घोंगडी पांघरून, तिकीट काढून पहाटेपर्यंत जागणारा माणूस दणक्यासाठी येत नाही हो. दणका तर लग्नाच्या डीजेवर फुकट मिळतो. तो गोष्टीसाठी येतो. आणि शब्द मागे पोचत नाही म्हणून नट रात्रभर ओरडून बोलतो. सीझनभर जवळजवळ रोज प्रयोग, त्यावर त्याचं घर चालतं, आणि गळा एकच.

वाघाची डरकाळी मागून सोडणं वगैरे हौस नंतर करू. नागझिरा जवळच आहे, पब्लिक उठून पळेल! आधी मापाची टेप घ्या, स्टेजपासून मागच्या स्पीकरपर्यंत अंतर मोजा, मीटरला 3 मिलिसेकंद धरा, वर 15 मिळवा. एवढा हिशोब आमच्याकडचं दहावीचं पोरगंही करेल.

तुमच्या ओळखीत कोणी साउंडवाला असेल तर त्याला सांगून बघा. आणि पटलं नाही तर एकदा शेवटच्या रांगेत बसून नाटक ऐका.