कपात झाली तरी हक्क शिल्लक असतो



या खेपेस खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवतो. आता पुष्कळ घरांत एक भाऊ शेतात, तर दुसरा जिनिंगमध्ये, सूतगिरणीत किंवा एमआयडीसीत असतो. कारखान्यात कपात झाली की तो वळकटी घेऊन गावी येतो आणि दुसऱ्या दिवशी औतामागे जातो. ‘गेली नोकरी’ म्हणून घरचेही गप्प बसतात. तसे बसू नका.

कपातीनंतर एका वर्षाच्या आत मालकाला पुन्हा माणसे घ्यायची असतील, तर त्याने कपातीत काढलेल्यांना आधी विचारले पाहिजे. जे तयार असतील त्यांना बाहेरच्या माणसाआधी घेतले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा हक्क कलम २५ एच मध्ये होता आणि त्याला वर्षाची अट नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम ७२ मध्ये हा हक्क आहे, पण वर्षापुरताच. मला विचाराल तर ही मुदत तोकडी आहे. दोन हंगामांत ती निघूनही जाते.

आता मालक विचारणार कोठे? त्याच्या दप्तरी पत्ता असतो शहरातल्या भाड्याच्या खोलीचा. ती खोली तर सुटलेली! म्हणून गावी आल्याबरोबर एक साधे पत्र कारखान्याला स्पीड पोस्टाने पाठवा: ‘मला अमुक तारखेस कपातीत कमी केले. पुन्हा भरती कराल तेव्हा मी कामावर येण्यास तयार आहे. माझा गावचा पत्ता व फोन पुढीलप्रमाणे.’ पत्राची नक्कल आणि पोस्टाची पावती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

दुसरी गोष्ट सहीची. ‘हिशेब लवकर मिळेल, येथे सही कर’ म्हणून पुढे केलेला कागद पुष्कळदा राजीनाम्याचा असतो. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही, आणि हा हक्कही राहत नाही. कागद वाचल्याशिवाय, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घेतल्याशिवाय, सही करू नका. कपातीची भरपाई मात्र खुशाल घ्या. ती घेतल्याने पुन्हा कामावर जाण्याचा हक्क जात नाही. वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. शिवाय नवे काम शिकण्यासाठी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर जमा व्हायला हवा. पासबुक भरून पाहा.

साखर कारखान्याच्या हंगामी कामगारांचे थोडे वेगळे. हंगाम संपून काम थांबणे म्हणजे कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात ठरवले. पण त्याच निकालात कारखान्याला हंगामी कामगारांची नोंदवही ठेवण्यास, नव्या हंगामाच्या वेळी आसपासच्या गावांत जाहीर करण्यास आणि हजर होणाऱ्यांना ज्येष्ठतेप्रमाणे घेण्यास सांगितले. तेव्हा आपल्या कारखान्यात अशी वही आहे का आणि तीत आपले नाव आहे का, हे बॉयलर पेटण्याआधी विचारून घ्या.

कपातीनंतर बाहेरची माणसे भरल्याचे कळले, तर फाटकावर भांडत बसू नका. पत्राची नक्कल, पोस्टाची पावती आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि तिच्या नकलेवर पोच घ्यायला विसरू नका.