मोटर बसवता, मग ब्रेक कोण बसवणार?

आज जरा कडू बोलतो.

"लायसन नको, नंबर प्लेट नको, पेट्रोल नको. जुनी सायकल आणा, इलेक्ट्रिक करून न्या!" तालुक्याच्या गावांत असले बोर्ड आता सर्रास दिसतात. दूधवाले, पेपरवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांचे चार पैसे वाचतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण मोटरशी नाही. मोटर नवी बसवून ब्रेक तोच जुना ठेवतात, त्याच्याशी आहे.

साधा हिशेब करा. आपली काळी सायकल पायाने १२-१५ च्या वेगाने चालते. मोटर लावली की २५ ने पळते. वेग १५ चा २५ झाला, की थांबवायला लागणारी ताकद दीडपट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच्या एका सेकंदात सायकल सात मीटर पुढे गेलेली असते. वर मोटर आणि शिसाच्या बॅटऱ्यांचं वजन, मागे कॅरिअरवर दुधाचे कॅन. पाठ जड झाली की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल लटपटतं.

आणि हे सगळं थांबवणार कोण? रॉड ब्रेकची झिजलेली रबरं! पावसात ओल्या लोखंडी रिमवर ती नुसती घसरतात.

दुकानदार म्हणतो, "कायद्यात सूट आहे." आहे ना. पण मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग २५ च्या आत असेल तरच. आणि त्याच नियमात योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही लिहिलंय. ते बोर्डावर का नाही? मर्यादा ओलांडली की ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं. उद्या कुणाला धडक बसली तर दुकानदार येणारे का पोलीस स्टेशनला?

"गरिबाला ब्रेकचा खर्च परवडत नाही" असं कुणी म्हणेल. मोटरला हजारो रुपये निघतात, ब्रेकला काही शे निघत नाहीत? आणि मोडलेला पाय परवडतो?

मागणी एवढीच: दोन्ही चाकांना दमदार ब्रेक, लिव्हर दाबताच मोटर बंद होण्याची सोय आणि बॅटरी कॅरिअरवर नाही, फ्रेमच्या मध्ये. याशिवाय सायकल दुकानाबाहेर पडता कामा नये. आरटीओने एकदा या दुकानांत चक्कर मारावी. आणि तुम्हीही पैसे देण्याआधी नेहमीचं ओझं लादून मोकळ्या मैदानात ब्रेक मारून बघा.

पळवायचे पैसे घेता ना? मग थांबवायची जबाबदारीही घ्या.