माया वेगळी, मजुरी वेगळी

“बाई मुळात मायाळूच असते,” हे कौतुक मला खटकते. कन्हानकाठचे आमचे खापा हातमागाचे जुने गाव. मागावर बसणारा विणकर, आणि त्याच्यासाठी घरात कांड्या भरणारी नुसता ‘हातभार’ लावणारी! कांडीवाचून धोटा चालत नाही. पण मजुरी कापडाची, तीही त्याच्या हाती. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांपैकी ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया निघाल्या. एवढ्या जणींचे श्रम आपण ‘माया’ म्हणून खपवायचे?

शेजारीण बाळंत झाली की तिच्या वाटच्या कांड्या भरून देणारी बाई मात्र आपखुशीने देते. ती माया.

विदर्भात तुकडोजी महाराजांना (१९०९-१९६८) मानणारी घरे पुष्कळ. त्यांच्या ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ हा स्वतंत्र अध्यायच आहे. मग सामुदायिक प्रार्थनेहून परतल्यावर घरात पाणी कोण भरते, हा प्रश्नही श्रद्धेचाच मानायला हवा.

मैत्रिणींनो, माया आटू देऊ नका. पण कामाला काम म्हणा, त्याचा हिशेब मागा. जिला ‘नाही’ म्हणता येते, तिच्याच ‘हो’ला मोल असते.